अंगचा आकडा

त्या खेळाला आमच्याकडे नाव नव्हते. ओमप्रकाशचा थोरला भाऊ पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. वसतिगृहात कोणाच्या तरी परदेशातल्या पाहुण्याने आणलेल्या पुस्तकाची त्याने झेरॉक्स काढली, प्लास्टिकच्या कण्याने बांधून घेतली, सुट्टीत टेंभुर्णीला आणली, आणि दोन दिवसांत कंटाळून धाकट्या भावाच्या हवाली केली. मुखपृष्ठ पार काळे आले होते. आत किल्ले, भुयारे, ढालतलवारी घेतलेली माणसे आणि आकड्यांचे तक्तेच तक्ते. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. ओम ते बाड घेऊन माझ्याकडे आला, कारण जाडजूड इंग्रजी डिक्शनरी गावात दोनच ठिकाणी होती, शाळेच्या कपाटात आणि आमच्या घरात, आणि शाळेचे कपाट सुट्टीत बंद असे. "मास्तर," तो म्हणाला. मी शिक्षकाचा मुलगा म्हणून तो मला लहानपणापासून मास्तरच म्हणे. "भैया म्हणतो, ह्यात कोणी जिंकत नाही का हरत नाही. मंग खेळतेत कशाला, तेवढं वाचून सांग."

बारावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नसे. आमचे घर धाब्याचे, दोन खोल्यांचे. समोर पिठाची गिरणी. तिच्या इंजिनाचा पुक् पुक् आवाज सकाळी सुरू झाला की तो माझ्याच कपाळात चालला आहे असे वाटे, आणि वीज नसल्याने किंवा डिझेल संपल्याने तो मध्येच थांबला की त्याहून अस्वस्थ वाटे. माय वर्षाचे येसर करायला बसलेली असे. भाजलेल्या डाळी-गव्हाचा आणि मसाल्याचा तो खमंग वास घरभर कोंडे. त्यात शिंकत, पाणी पीत, उंबऱ्यातून आत-बाहेर करत मी दिवस काढी. "आरं, पायाला भिंगरी लागली का तुह्या," ती म्हणे, "बस की जरा घडीभर." मी बसे आणि पुन्हा उठे. मला गाव सोडायचे होते. कुठे जायचे हे ठाऊक नव्हते. पण जो मुलगा पुढे जाणार अशी गावाची समजूत आहे तो मी आहे, हे मात्र पक्के ठाऊक होते, आणि ती समजूत खोटी ठरेल या भीतीने मला झोप लागत नसे.

घरात आम्ही दोघे एकाच वयाचे होतो. रामकिसन माझा चुलतभाऊ, हसनाबादचा. पाचवीपासून तो शिकायला आमच्याकडे होता. माझ्या वडिलांना तोही आमच्यासारखाच अण्णा म्हणे आणि माझ्या आईला मोठीमाय. दहावीला गणितात पस्तीस गुण घेऊन तो कसाबसा पार पडला, आणि ते पस्तीसही अण्णांनी वर्षभर रोज पहाटे उठवून शिकवले म्हणून, असे सारे म्हणत. नंतर तो बसस्टँडजवळच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात राहिला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या अंगाला वार्निशचा वास येई आणि बोटांना तांब्याच्या तारेने बारीक कापलेले असे. भाकरी मोडताना ती बोटे कुठेही चाचपडत नसत. मी ती पाहत असे. अण्णाही पाहत. एकदा जेवताना ते मायला म्हणाले, "प्रल्हादचं डोकं वहीत चालतं. ह्याचं हातात चालतं." ते कौतुक कोणाचे होते हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मात्र ते माझे नव्हते एवढेच मला कळले, आणि ताटातली येसर आमटी मी तशीच ठेवून उठलो.

डाव आम्ही ओमच्या वडिलांच्या दुकानामागच्या गोदामात मांडत असू. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसे. सरकीच्या पोत्यांवर गार वाटे. ओमची आई पितळी डब्यातून बेसनाच्या जाड शेवा पाठवी. रामकिसनही त्या दुपारी दुकानातून सुटून येई. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. तो आम्ही कुठून आणणार? ओमने लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि बिस्किटांच्या डब्यात घातल्या. एकाने डाव मांडायचा, म्हणजे किल्ला, पहारेकरी, सापळे हे सारे मनात रचून तोंडाने सांगायचे; बाकीच्यांनी आपापले माणूस घेऊन त्यात शिरायचे. मांडणारा मी. पुस्तक माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नव्हते, तेव्हा दुसरे कोण होणार? मी शंभर पानी वहीत त्याचे नियम मराठीत उतरवू लागलो.

प्रत्येक माणसाला सहा आकडे असत. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. साधारण तीनपासून अठरापर्यंत. हे अंगचे. मग त्याखाली कसबांची यादी. कुलूप उघडणे, भिंत चढणे, माग काढणे, यंत्र ओळखणे, सौदा करणे. प्रत्येक कसब सहांपैकी एका आकड्याच्या पोटी असे. भिंत चढणे बळाच्या, कुलूप चपळाईच्या, यंत्र बुद्धीच्या. काही करायचे झाले की डब्यातून चिठ्ठी काढायची. ती आपल्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर जमले. इथपर्यंत सोपे होते. बुद्धी आणि शहाणपण हे वेगळे का, यावर मात्र आम्ही दुपारभर भांडलो. शेवटी रामकिसन म्हणाला, "इहीरीत मोटार काहून बसंना ते समजणं बुद्धी. मालकाच्या देखत ते न बोलणं शहाणपण." ओम पोत्यावर आडवा होऊन हसला. मी ती व्याख्या वहीत उतरवून घेतली. पुस्तकातलीपेक्षा ती चांगली होती.

आकडे कोणी टाकायचे, हा पुढचा प्रश्न. पुस्तकात लिहिले होते की खेळणाऱ्याने स्वतः फासे टाकावेत आणि आलेले आकडे हवे तिथे मांडावेत. ओमला ते पटेना. "अपना नसीब अपने हात से? असं कुठं असतं का," तो म्हणाला. "आमच्यात सहाव्या दिवशी बेमाता येऊन लिहिते. तिनं लिहिलं ते बिलकुल बदलत नाही." रामकिसन म्हणाला, "आमच्यात सटवी. मोठीमायनं सगळ्यांच्या पाचवीला कागद-दऊत ठिवलीती." आणि मग ते दोघे माझ्याकडे पाहू लागले. अशा रीतीने सटवीचे काम माझ्याकडे आले. मी पोत्यांच्या आडोशाला बसून सापशिडीचे तीन फासे टाकी, कागदावर सहा आकडे लिही आणि घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात देई. घडी उघडली की संपले; बदल नाही, तक्रार नाही. पाचवीच्या पूजेतल्या कोऱ्या कागदाची चेष्टा करतो आहोत असे आम्हांपैकी कोणालाही वाटले नाही. उलट, आजवर जे कोणाला दिसले नव्हते ते लिखाण आम्हांला दिसू लागले आहे, असे एक गंभीर वातावरण त्या गोदामात पसरे.

मी हे सारे इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढे जे झाले ते या एका गोष्टीवाचून झाले नसते. सटवीचे लिहिलेले ते अंगचे; आणि कसब त्या अंगच्या आकड्याच्या पोटी. मग कसब त्याच्या वर कसे जाईल? त्रेचाळिसाव्या पानावरचा तो परिच्छेद झेरॉक्समध्ये पुसट आला होता. मी त्यातले चार शब्द वाचले, उरलेले आमच्या समजुतीने भरून काढले आणि वहीत लिहिले: 'कसब कितीही शिकले तरी अंगच्या आकड्यापलीकडे जात नाही.' ही चूक प्रामाणिक होती. तिच्याबद्दल मी क्षमा मागत नाही.

रामकिसनच्या माणसाचे नाव होते भैरू. फाशांनी त्याला बळ सतरा दिले होते आणि बुद्धी आठ. मी जाफराबादच्या किल्ल्यावर बेतून एक गढी रचली होती. तिच्या दरवाजात साखळ्या आणि वजने असलेला एक सापळा होता, जो रचायला मला आठ दिवस लागले. भैरू दरवाजासमोर उभा राहिला. रामकिसनने डोळे मिटले, हवेत बोटे फिरवली आणि म्हणाला, "डावीकडचं वजन आदी उतरू. मंग उजवी साखळी ढिली पडती, आन् दार आपल्याकडं यायच्या आयवजी वर जातं. बराबर का?" बरोबर होते. मी वही चाळल्यासारखे केले. मग म्हणालो, "तुला सुचलं. भैरूला सुचणार नाही. भैरूची बुद्धी आठ आहे." त्याने चिठ्ठी काढली, चौदा आली. दार कोसळले. "गेला भैरू," ओम म्हणाला. "हमाल तो हमालच." रामकिसन हसला. त्याला वाईट वाटले असेल, तरी ते त्याच्या चेहऱ्यावर आले नाही. त्याने शेवांचा डबा पुढे ओढला.

त्यानंतर कधीतरी, निकालाच्या काळजीने जाग आलेल्या एका पहाटे, मी धाब्यावर बसून ते त्रेचाळिसावे पान उजेडाकडे तिरपे धरले आणि शब्दन् शब्द डिक्शनरीत पाहिला. तिथे लिहिले होते ते नेमके उलटे होते. अंगचा आकडा म्हणजे माणूस जिथून चालायला लागतो ती जागा. कसब तिथे सुरू होते. पण प्रत्येक सरावाला त्यात एकेक भर पडते, आणि पुरेशी वर्षे दिली तर ते आकड्याच्या कितीही वर जाऊ शकते. आठ बुद्धीचा माणूस यंत्रांच्या कसबात अठरावर पोहोचलेला असा एक नमुनाही खाली दिला होता. मी ते पुन्हा वाचले. गिरणी अजून सुरू झाली नव्हती. खाली रामकिसन हातपंपावर अंघोळ करत होता आणि कसलेसे गाणे गुणगुणत होता. वही माझ्या मांडीवर होती, पेन्सिल कानावर होती. एक ओळ खोडायची होती. मी ती खोडली नाही. माझे सापळे तो पुन्हा दुपारभरात उलगडील आणि मग त्या गोदामात माझे काय उरेल, असा विचार मी केला. असे मी आज म्हणतो. तेव्हा मी काहीच विचार केला नाही; फक्त पान उलटले.

आणि मग ओमने ती कल्पना काढली. भैरू मेला, ओमचा व्यापारीही मेला, "आता आपणच शिरू," तो म्हणाला, "मी ओमप्रकाश, हा रामकिसन. आमचेच आकडे लिही." फासे टाकायचे नाहीत, कारण आमचे आकडे तर कधीच लिहिले गेले होते, सटवीने फक्त आठवून सांगायचे. मी आडोशाला गेलो. बाहेर ते दोघे कोणाचे बळ जास्त यावर पंजा लढवत होते. ओमला मी छाप पंधरा दिली, शहाणपण नऊ. रामकिसनला बळ पंधरा, चपळाई सतरा, काटकपणा सोळा. पेन बुद्धीवर आले आणि तिथे मी थांबलो नाही, हे मला स्पष्ट आठवते. सात लिहिले. भैरूपेक्षा एक कमी. कागदाची घडी घालताना मला हलके वाटले, जसे कोणी वर्षभराचे ओझे उतरवून घेतले असावे.

रामकिसनने घडी उघडली. ओमने मान वाकवून वाचले आणि टाळी मागितली. "सात. अण्णांनी पस्तीस दिले, पोरानं सातच. तरी बरं, पास हायस." रामकिसन म्हणाला, "अण्णा शंभरातून देतेत. ह्याचं अठरात हाय. हिशोब लाव, जवळजवळ तेवढंच पडतं." दोघेही हसले. सात अठरांश म्हणजे शेकडा एकोणचाळीस, हे त्याने तोंडी, हसता हसता केले होते. ते माझ्या लक्षात आले. तो कागद त्याने चार पदरी करून खिशात ठेवला.

पंधरा दिवसांनी अण्णा जालन्याहून दोन अर्ज घेऊन आले. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीतला एक मोठा कारखाना दहावी झालेली मुले घेणार होता. तीन वर्षे शिकवणार, विद्यावेतन देणार आणि मग कायम करणार. लेखी परीक्षा होती, हिशोबाची आणि यंत्रांच्या जाणकारीची. आमच्या बाजूच्या मुलांना अशी दारे क्वचित उघडत. अण्णांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "दोघं भरा," ते म्हणाले. "रामकिसन, तू तर भरच. तुझ्या हाताला तिथं किंमत येईल. आयुष्यभर जळक्या मोटारी काढत बसणार का?" रामकिसनने अर्ज दोन्ही हातांनी उचलला. त्या रात्री मायने धपाटे केले, आणि तो नेहमीपेक्षा दोन जास्त खाऊन उठला.

अर्ज पाठवायचे दिवस संपत आले तरी त्याचा अर्ज कोराच होता. अण्णांनी मला बघून यायला दुकानावर पाठवले. उन्हाळ्यात वीज कमी दाबाने येई आणि विहिरींवरच्या मोटारी रोज जळत. दुकानासमोर पाच-सहा पडलेल्या होत्या. तो पोत्यावर मांडी घालून एका मोटारीच्या खाचांत तार भरत होता. ओठ हलत होते. आटे मोजत होता. मी उभा राहिलो. मोजणी संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग तारेला गाठ मारली आणि म्हणाला, "पल्हाद, येक इचारू का?"

"विचार."

"त्या पुस्तकात खरंच तसं लिव्हेल हाय का? कसब आकड्याच्या वर जातच न्हाई?"

मी म्हणालो, "तो खेळ आहे."

"खेळ हाय ते समजतं मला. पर लिव्हणारानं काही तरी पाहूनच लिव्हलं असंल ना. इतकं मोठं पुस्तक. आन् आकडा तू टाकला, तू मला लहानपणापासून पाहून राह्यला." तो तारेचे टोक बोटाला गुंडाळत होता. "तिथं हिशोबाचा पेपर हाय. तिथं गेलो आन् नापास झालो तर अण्णांचं तोंड पाहवणार न्हाई मला. दहावीला त्यांनी लै हाल काढले माझ्यापायी. जायचं आसंल तर जाईन, भेत न्हाई मी. पर वर जातच नसंल, तर कशाला जायचं? तू वाचलंय ते. तू सांग."

मला हा प्रसंग लिहिताना तीनदा उठावे लागले आहे. तो मला खेळाबद्दल विचारत नव्हता. त्याच्या घरात, आमच्या घरात, छापलेले ते खरे असे, आणि छापलेले मी वाचून दाखवी ते तसेच असे. एका वाक्याचे काम होते. 'नाही रामकिसन, मी चुकलो होतो, वर जाते.' ते वाक्य माझ्या तोंडात होते. त्याच वेळी माझ्या मनात हेही होते की कारखाना शेकड्यांतून थोडी मुले घेणार आहे, की यंत्रांच्या पेपरात हा माझ्या पुढे जाईल, की अण्णा निकालाचा कागद हातात घेऊन आधी त्याचे नाव वाचतील. मी समोरच्या जळक्या मोटारीकडे पाहिले.

"होय," मी म्हणालो. "तसंच लिहिलं आहे."

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं इचारलं." आणि पुढच्या खाचेत तारेखालचा कागद सरकवू लागला.

घरी त्याने अण्णांना सांगितले की दुकानात सीझन आहे, दुकानमालक चाचा एकटे पडतील, पुढच्या खेपेला बघू. अण्णा चिडले. त्यांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तो त्याने मुकाट्याने सोसला. मी परीक्षेला निघालो त्या पहाटे माझी पिशवी स्टँडपर्यंत त्यानेच आणली, धावत जाऊन एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आणि गाडी हलताना म्हणाला, "घाई करू नको. समदं वाचून मंग लिही." माझी निवड झाली. ओमने गोदामात पेढे वाटले; डाव नंतर कधी मांडला गेला नाही. पुढच्या खेपेला कारखान्याने बारावी आणि टक्केवारी मागितली.

मी त्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली. वाईट केले असे नाही. माझ्या हाताखाली मुले येत, आणि त्यांतला एखादा गणितात कच्चा पण हाताचा पक्का असला की मी त्याच्यावर अंमळ जास्त मेहनत घेई. माझ्या पत्नीला ते माझ्या मनाचे मोठेपण वाटे. तिला मी ते तसेच वाटू दिले. रामकिसनने काही वर्षांनी शहागडला हमरस्त्यालगत स्वतःचे दुकान टाकले. आता तो मोटारींबरोबर ट्रकांचे स्टार्टरही बांधतो. लग्नकार्यांत आम्ही भेटत आलो. प्रत्येक वेळी सांगायचे ठरवून जात होतो आणि प्रत्येक वेळी जेवून परत येत होतो. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या पायाशी आम्ही दोघे शेजारी बसलो होतो, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो. या माझ्या गप्प राहण्याला लोक सौम्य स्वभाव म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मी कोणत्याही कार्याशिवाय शहागडला गेलो. दुपार होती. दुकानात तो एकटाच होता. चष्मा नाकावर, मांडीवर एका मोठ्या मोटारीचा सांगाडा. "ये," तो म्हणाला, "काहून आल्ता एवढ्या लांब? फोन तरी करायचा." मी स्टुलावर बसलो आणि बसल्या बसल्याच सगळे सांगितले. त्रेचाळिसावे पान, धाब्यावरची पहाट, सात हा आकडा मी न थांबता कसा लिहिला, आणि दुकानात त्याने विचारले तेव्हा मला काय माहीत होते ते. समोरून ट्रक जात होते. अधूनमधून मला आवाज चढवून बोलावे लागत होते, आणि अशी गोष्ट आवाज चढवून बोलणे फार कठीण असते. तो खाचांमध्ये कागद सरकवत राहिला. माझे संपल्यावर म्हणाला, "म्हंजे वर जात व्हतं."

"जात होतं. कितीही."

"आन् तुला माहीत व्हतं."

"माहीत होतं."

त्याने पलीकडच्या टपरीला दोन बोटे दाखवून चहा सांगितला. चहा आला, आम्ही तो प्यालो. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "मी तुला कवाच इचारलं न्हाई. त्या पेपरात आल्तं काय काय?"

मला पेपर आठवत नव्हता. एक प्रश्न मात्र आठवत होता, कारण परतीच्या गाडीत तो माझ्या मानगुटीवर बसला होता. मी म्हणालो, "एका मोटारीची पुली चार इंची आहे, फेरे मिनिटाला चौदाशे चाळीस. तिच्यावर कडबाकुट्टी चालवायची, तिचे फेरे हवेत तीनशे साठ. तर कुट्टीची पुली..."

"सोळा इंची," तो म्हणाला. "मंग?"

"मग काही नाही. तोच प्रश्न."

"तू काय लिव्हलं?"

"उलटा भागाकार केला. एक इंच."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हसायला लागला. "एक इंची पुली. आरं, पट्टा कशावर चढवतु तू तिच्या, अंगठ्यावर?" तो हसला, चष्मा काढून मनगटाने डोळे पुसले, पुन्हा हसला, मलाही हसू आले आणि क्षणभर आम्ही पोत्यांवरचे दोघे झालो. मग त्याचे हसणे हळूहळू थांबले. चष्मा त्याने लगेच घातला नाही. मांडीवरच्या मोटारीवर हात ठेवून तो रस्त्याकडे बघत होता.

"आन् तरी घेतलं तुला," तो म्हणाला.

"होय," मी म्हणालो.